अडकलेली रिकीब

साधारण दोन वर्षं माझा संसार फार सुखाचा चालला होता आणि तो का सुखाचा चाललाय हे मला माहीत नव्हतं. मला एवढंच वाटत होतं, की वय झालं तसा नवरा बोलायचा कमी झालाय. त्याचा आवाज मुळातच खर्जातला. लग्न ठरलं तेव्हा माझ्या मैत्रिणी म्हणाल्या होत्या, की हा रेडिओवर बातम्या देणाऱ्यासारखा बोलतो. वीस वर्षांत आवाज तोच राहिला, बातम्या संपल्या. मग तो सोफ्यावर बसून ओठ हलवायला लागला, तर मी समजले, की पुटपुटतोय. पुटपुटणाऱ्या नवऱ्याला 'हं' म्हणायचं असतं. मी म्हणत गेले.

इंदूरच्या स्नेहलतागंजमध्ये आमचा तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. तो, मी आणि सासूबाई. मुलगी शिकायला बंगळुरूला. सासूबाई प्राथमिक शाळेतल्या निवृत्त बाई. त्यांचे सासरे संस्थानच्या काळात दप्तरखान्यात होते. ही गोष्ट त्या गॅसवाल्यालासुद्धा सांगतात. त्यांचा आवाज बारीक, धारदार, चाळीस पोरांच्या वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचण्यासाठी घासूनपुसून ठेवलेला. तो मात्र मला अगदी स्वच्छ ऐकू यायचा. दोन खोल्यांपलीकडून, दार लावलेलं असलं तरी. मी देवाला विचारायचे, की गप्प करायचंच होतं तर यादीत क्रम असा का लावलास?

नवऱ्याची तक्रार वेगळी होती. मी पलासियाला एका कोचिंगमध्ये डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेसाठी बायोलॉजी शिकवते. संध्याकाळी तो ऑफिसातून येता येता मला स्कूटरवर घेतो. सिग्नलला आम्ही थांबलो, की चारी बाजूंनी हॉर्न आणि मागून सिटी बस. तिथे तो जे बोलेल ते मला शब्दन्‌शब्द ऐकू यायचं. मी उत्तरं द्यायचे, भांडायचेसुद्धा. घरी पोचलं, की पुन्हा 'हं'.

एकदा तो भडकला. "पलासियाच्या चौकात चार बस ठणाणा करताहेत, तिथे तुला माझं सगळं ऐकू येतं. घरी पंखासुद्धा बंद, तर काही नाही. हे कान आहेत की सरकारी खिडकी? मनात आलं की उघडणार?"

मला हा आरोप पटत नव्हता. आणि खरं सांगायचं तर त्यातला निम्मा मला ऐकूच आला नव्हता.

तर अशा परिस्थितीत मी दुपारच्या बॅचला कान शिकवत होते. एकोणीस वर्षं मी कान शिकवतेय. फळ्यावर आधी कानाचा पडदा काढायचा, मग त्याला चिकटलेली तीन हाडं: हातोडी, ऐरण आणि रिकीब. घोड्यावर चढताना ज्यात पाय टाकतात ती रिकीब, तसाच तिचा आकार. शरीरातलं सगळ्यात छोटं हाड. पडदा थरथरला, की हातोडी हलते, ती ऐरणीला हलवते, ऐरण रिकिबीला, आणि रिकीब आतल्या खिडकीवर पंपासारखी आत-बाहेर करते. आवाज तिथून आतल्या पाण्यात जातो आणि पुढे मेंदूत. पोरं हे वहीत उतरवतात. मग मी माझा ठरलेला किस्सा सांगते, की यातली दोन हाडं मुळात कानाची नाहीतच. आपल्या लाखो पिढ्यांमागच्या पूर्वजांच्या जबड्याच्या बिजागरीला ती होती. नवा जबडा आला, जुनी बिजागरी भंगारात निघाली, तर निसर्गाने ती टाकून न देता कानात बसवली. इंदुरी जुगाड. पोरं हसतात.

पहिल्या बाकावर एक मुलगी बसायची. रोज बेटमा गावाहून बसने यायची आणि शंका भरपूर काढायची. घरी शेती, सोयाबीन आणि लसूण. तिने हात वर केला.

"मॅडम, छिपकली के कान में एक ही हड्डी होती है ना? तो उसका काम चल रहा है. हमको तीन क्यों?"

मला असले प्रश्न फार आवडतात. मी सांगितलं, की पालीला, बेडकाला, चिमणीला एकच हाड आणि त्यांचं भागतंही, पण फार बारीक, फार उंच आवाज त्यांच्या हातून निसटतात. सस्तन प्राण्यांची तीन हाडं चिमुकली आणि हलकी. हलकी वस्तू भराभर थरथरू शकते. बारीक आवाज म्हणजे भराभर थरथर. म्हणून उंदराला, मांजराला, वटवाघळाला असले आवाज ऐकू येतात, जे आपल्याला स्वप्नातही येणार नाहीत. हत्तीची हाडं मोठी आणि जड, तो खालच्या आवाजात खूश असतो. आणि मग, पुढे काय होणार याची कल्पना नसल्यामुळे, मी हेही सांगितलं, की माणसाला वय वाढेल तसे सगळ्यात उंच आवाज ऐकू येईनासे होतात. तुम्हाला येतात ते आम्हाला येत नाहीत.

दोन मिनिटांनी मी फळ्याकडे पाठ करून उभी होते, तर मागच्या दोन रांगा कानात बोटं घालून हसत होत्या. मधल्या रांगांनी तोंडं वाकडी केली होती. मला काहीही ऐकू येत नव्हतं. पण मी एकोणीस वर्षं पोरं बघतेय. कुणीतरी फोनवर शिट्टी वाजवायचं ॲप लावलं होतं आणि सूर इतका वर नेला होता, की तो फक्त त्यांनाच ऐकू यावा. मी शिकवलेला धडाच पोरं माझ्यावर करून बघत होती.

इथे एखादी शहाणी बाई हसली असती. मी टेबलावर डस्टर आपटलं. "बंद करो! मुझे सब सुनाई दे रहा है. कान फट रहे हैं मेरे."

पोरांनी एकमेकांकडे बघितलं. मग बेटम्याच्या मुलीने फार आदराने सांगितलं, "मॅडम, वो तो कब का बंद कर दिया."

त्या दिवशी घरी जाऊन मी बाथरूमची कडी लावली आणि तेच ॲप माझ्या फोनवर उतरवलं. सूर वर नेत गेले. एका जागी तो संपला. आकडा पुढे सरकत होता आणि फोन मुका. मी शेचाळीस वर्षांची. हे वयाचं आहे हे मीच दुपारी शिकवलेलं. पण शिकवणं वेगळं आणि बाथरूममध्ये मुक्या फोनकडे बघत बसणं वेगळं. मला वाटलं, की माझं जरा जास्तच झालंय. बाहेरून सासूबाई ओरडल्या, "किती वेळ? गीझर चालू आहे!" ते आलं. त्या आवाजाने मला धीर देण्याऐवजी उगाच डिवचलं.

घरी कुणाला न सांगता मी कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. कोचिंगपासून चार इमारती सोडून त्यांचा दवाखाना. साठीच्या, आखूड केसांच्या, इंदूरच्याच मराठी. मी पूर्ण किस्सा सांगितला. डस्टरसकट. त्या इतक्या हसल्या, की त्यांना चष्मा पुसावा लागला.

"ताई, तो आवाज मलाही येत नाही. माझ्या नातवाला येतो आणि त्याचा त्याला परीक्षेत काही उपयोग होत नाहीये. पण आलात तर बघू."

त्यांनी लोखंडी चिमट्यासारखा ट्यूनिंग फोर्क घेतला, हातावर ठोकला, तो गुणगुणायला लागला. आधी कानासमोर धरला. मग त्याची दांडी कानामागच्या हाडावर टेकवली. "कुठे मोठा वाटतो?"

"मागे. हाडावर."

"नक्की?"

"नक्की. समोर तर जवळजवळ नाहीच."

त्यांचं हसू गेलं. चांगल्या कानाला हवेतून जास्त ऐकू येतं, हाडातून कमी, हे मला पाठ होतं. परीक्षेत यावर एक प्रश्न हमखास असतो. मी स्वतःच्या बाबतीत चुकीचा पर्याय निवडला होता आणि तोच बरोबर होता.

मग त्यांनी मला काचेच्या कपाटात बसवलं, डोक्यावर हेडफोन, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. बाहेर आल्यावर कागदावर आलेख होता. उजवीकडे, बारीक आवाजांच्या बाजूला, माझी रेघ माझ्या वयाच्या माणसाची असावी तशी. डावीकडे, जाड आवाजांच्या बाजूला, ती सरळ खड्ड्यात गेलेली. उजव्या कानाची जास्त, डाव्याची थोडी.

"बारीक आवाज तुमचे ठीक आहेत," त्या म्हणाल्या. "जाड आवाजांचं काय केलंत?"

कागदाच्या मागे त्यांनी तीच तीन हाडं काढली, माझ्यापेक्षा वाईट. "ही तुमची रिकीब. हिच्या बुडाशी नवीन हाड वाढतंय आणि ती खिडकीला चिकटत चाललीय. गंजलेल्या कडीसारखी. आता बघा, हाडं जड झाली असती तर बारीक आवाज अडले असते. तुमची जड नाही, ताठ झालीत. ताठ झालं की आधी जाड आवाज अडतात. बारीक निघून जातात. आणि गर्दीत समोरचा ओरडून बोलतो, जाड गडबड तुमच्यापर्यंत पोचत नाही, म्हणून तिथे तुम्हाला चक्क बरं ऐकू येतं. घरात कुणाचा आवाज जाड आहे?"

"नवऱ्याचा."

"आणि बारीक?"

"सासूबाईंचा."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "त्याला माझ्याकडे इलाज नाही."

पुढे त्यांनी विचारलं, की मुलीच्या वेळच्या बाळंतपणानंतर काही जाणवलं होतं का, कधीकधी तेव्हा हे वाढतं. मला आठवेना. माहेरी आधी कुणाला होतं का, हा पुढचा प्रश्न. मी नाही म्हणणार होते, आणि माझ्या तोंडातून वडील निघाले.

माझे वडील इथल्या एका कापडगिरणीत कारकून होते. त्यांना ऐकू येत नाही हे आम्हाला लहानपणापासून माहीत होतं आणि गिरणीमुळे येत नाही हेही ठरलेलं होतं. मागांच्या खडखडाटात सगळ्यांचेच कान जातात. पण ते सांगायचे, की मला गिरणीत सगळं ऐकू येतं, घरी येत नाही. आई म्हणायची, "घरचं ऐकायचं नसतं ना." आम्ही पोरंही हसायचो. गिरणी बंद पडली, ते घरी बसले आणि मग त्यांनी कुणाचं ऐकणंच सोडलं. पाहुणे म्हणायचे, फार सोशिक माणूस. ते सोशिक नव्हते. त्यांना आम्ही काय बोलतोय ते कळत नव्हतं. त्यांच्या कानात काय झालं होतं ते आता कुणी बघू शकत नाही. पण डॉक्टरीणबाई होकारार्थी मान हलवत राहिल्या.

घरी आलेख नवऱ्यापुढे ठेवला. शक्य तितक्या सोप्या भाषेत समजावलं. त्याने कागद उलटसुलट करून बघितला. मग खास माझ्यासाठी आवाज चढवून म्हणाला, "म्हणजे दोन वर्षं मी जे बोललो..."

"त्यातलं फार थोडं पोचलं."

"तू हं म्हणत होतीस!"

"सवयीने."

त्याला धक्का बसला. तो आठवून आठवून सांगायला लागला. गावच्या जमिनीबद्दल त्याने माझं मत विचारलं होतं, मी हं म्हटलं होतं. नोकरी सोडू का म्हणून विचारलं होतं, मी हं म्हटलं होतं. नशीब, त्याने माझं ऐकलं नाही. मग फार नाराजीने म्हणाला, "आणि मी तुझी माफी मागितली होती."

"कशाची?"

"पीएचडीची."

हे जरा सांगावं लागेल. लग्नानंतर मी कोचिंगमधलं शिकवणं सांभाळून पीएचडीला नाव घातलं होतं. विषय वटवाघळांचा कान. तिळाएवढी हाडं आणि त्यातून ऐकू येणारे ते अशक्य उंच आवाज. दोन वर्षं काम झालं, मग मुलगी झाली, सासरे आजारी पडले, आणि नवरा म्हणाला, "आत्ता वटवाघळांची काय गरज आहे?" सगळं सोडलं. त्यावरून मी वर्षातून एकदा तरी भांडते, साधारण लग्नाच्या वाढदिवसाला. तर या माणसाने एका रविवारी मटार सोलताना, जमतील तेवढे शब्द गोळा करून, सांगितलं होतं, की तेव्हा चूक झाली, मी तुला थांबवायला नको होतं.

"मी काय म्हणाले?"

"म्हणालीस, हं, सालं त्या पिशवीत टाक."

मी त्याला म्हटलं, आता परत म्हण. तो म्हणाला, एकदा म्हटलंय, ऐकू आलं नाही ही तुझ्या हाडाची चूक. त्या रात्री आम्ही दोघंही जेवणावर रागावून जेवलो.

आणि दुसऱ्या दिवशी त्याने मोठ्या भक्तिभावाने तो आलेख आपल्या आईला दाखवला. "आई, बघ, ही बारीक आवाजांची बाजू. तुझा आवाज हिला पूर्ण ऐकू येतो. कायम येत होता." गेली दोन वर्षं सासूबाईंना उत्तर न देण्यासाठी 'ऐकूच आलं नाही' हे माझं जे कारण होतं, ते त्या कागदाने एका मिनिटात संपवलं. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"मला वाटलंच होतं," त्या म्हणाल्या. तेही स्वच्छ ऐकू आलं.

दोन-तीन दिवसांनी आम्ही पलासियाच्या सिग्नलला थांबलो होतो. बस, रिक्षा, लग्नाचा घोडीवाला, सगळे एकाच वेळी वाजत होते. नवऱ्याने अचानक हेल्मेट काढलं, मागे वळला आणि ओरडला, "माफ कर! पीएचडीसाठी! चूक झाली माझी!"

मला एकूण एक अक्षर ऐकू आलं. आजूबाजूच्या पंधरा लोकांनाही आलं. मराठी किती जणांना कळलं माहीत नाही, पण इंदुरात माफीचा सूर कळायला मराठी लागत नाही. शेजारचा रिक्षावाला मान बाहेर काढून म्हणाला, "कर दो भाभीजी माफ, भिया का गला बैठ जाएगा. सिग्नल भी हो गया."

मी माफ केलं. म्हणजे 'बघू' म्हटलं, पण स्कूटरवर त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

ऑपरेशन उजव्या कानाचं ठरलं. भूल फक्त कानाला, मी जागी. डॉक्टरीणबाई भिंगातून माझ्या कानात बघत होत्या. आत काहीतरी खरवडल्याचा आवाज आला, तो आवाज नव्हताच, डोक्याच्या आतूनच कुणी भिंत घासतंय असं वाटलं. मग एकदम खोली फिरली. "फिरणारच," त्या म्हणाल्या, "डोळे मिटा." थोड्या वेळाने त्यांनी चिमट्यात काहीतरी धरून माझ्या डोळ्यांसमोर आणलं. "ही घ्या तुमची."

कापसावर रिकिबीची कमान होती. दोन पाय आणि मधली फट. तांदळाच्या कणीएवढी. एकोणीस वर्षं मी ही फळ्यावर तळहाताएवढी काढत आले, बाण करून नाव लिहिलं, पोरांना दहा वेळा लिहायला लावलं. खरी मी पहिल्यांदा बघत होते, आणि ती माझी होती. इतक्याशा तुकड्याने दोन वर्षं माझा नवरा माझ्यापासून लांब ठेवला होता, आणि कदाचित माझे वडील तीस वर्षं. मला रडू येत होतं, पण डोकं हलवायची मनाई होती.

तिच्या जागी त्यांनी बारीक पिस्टन बसवला. आणि मग दाराशी उभ्या असलेल्या वॉर्डातल्या माणसाचा जाड, भरदार, सुंदर आवाज माझ्या उजव्या कानात आला: "मॅडम, आपकी गाड़ी गलत लगी है, हटवानी पड़ेगी."

"ऐकू आलं," मी म्हटलं.

"मलाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दुर्दैवाने."

नंतर कानात बोळा भरून दोन आठवडे घरी. वाकायचं नाही, शिंकायचं तर तोंड उघडं ठेवून. हे सगळं मला माहीत होतं. एक गोष्ट मात्र त्यांनी सांगितली होती आणि मी तिकडे दुर्लक्ष केलं होतं, की जिभेची चव नेणारी एक नस त्या हाडांच्या मधूनच जाते. तिला धक्का लागला तर काही दिवस चव बिघडते. कोणत्या शहाण्याने चवीची तार कानातून नेली माहीत नाही. पण तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी पोहे दिले, वर शेव, जिरावन मसाला, लिंबू, डाळिंबाचे दाणे, आणि मला लोखंडी कुलूप चाटल्यासारखं वाटलं. मी तोंड वाकडं केलं.

"वीस वर्षं गपचूप खाल्लंस," त्या म्हणाल्या, "आणि आता कानाचं ऑपरेशन करून पोह्यांना नावं?"

मी नस काढून दाखवली. कागदावर, अर्थात. त्यांच्यातली शाळेची बाई जागी झाली. दुसऱ्या दिवसापासून सकाळी त्या माझ्यासमोर चार वाट्या ठेवायच्या: साखर, मीठ, लिंबू, जिरावन. "डोळे मिट. जीभ काढ. उजवी बाजू." आणि मी शेचाळीसाव्या वर्षी, प्राथमिक शाळेतल्या पोरीसारखी, जीभ काढून उत्तर द्यायचे. चुकलं की त्या "पुन्हा" म्हणायच्या. आम्ही दोघी वीस वर्षांत एवढा वेळ समोरासमोर कधी बसलो नव्हतो. साखर आधी आली, मग लिंबू. मिठाला महिना लागला.

बोळा काढला तेव्हा सगळं जग पत्र्याचं वाटलं. कुकरची शिट्टी तर अंगावर यायची. हळूहळू ते बसलं आणि खालचे आवाज वर आले. फ्रिज घरघरतो हे मी विसरले होते. लिफ्टची मोटर. आणि नवरा. तो अंघोळ करताना गुणगुणतो, अत्यंत बेसूर. वर्तमानपत्राशी भांडतो. आणि आई बोलायला लागली की हळूच खर्जात तिला उलट उत्तरं देतो. ती तिला ऐकू येत नाहीत, वयामुळे नाही, तो तेवढी काळजी घेतो. दोन वर्षं हा माझ्या बाजूने बोलत होता आणि मला माहीत नव्हतं.

पुन्हा वर्गावर गेले तेव्हा आलेख बरोबर नेला. पोरांना सगळं सांगितलं, शिट्टीवर मी खोटं बोलले होते तेही. मागच्या रांगांनी मान खाली घातली. मी म्हटलं, "लाजू नका, तुमच्या बदमाशीमुळेच मी डॉक्टरकडे गेले. आजार दुसराच निघाला." गर्दीत मला बरं ऐकू यायचं हे सांगितलं, तर पहिल्या बाकावरून हात वर.

"मॅडम, मेरी दादी को थ्रेशर के पास सब सुनाई देता है. घर में कुछ नहीं. पापा बोलते हैं नाटक करती है."

मी खडू खाली ठेवला. मग म्हटलं, "रविवार को लेके आ."

रविवारी दवाखाना बंद असतो हे मला आठवलं नव्हतं. सोमवारी दादी आली. ठेंगणी, लुगड्याचा पदर डोक्यावर, हातात कापडी पिशवी, पिशवीत आमच्यासाठी लसूण. सोबत तो नाटक म्हणणारा बाप, आलेख यायच्या आधीपासूनच ओशाळलेला. डॉक्टरीणबाईंनी तो ट्यूनिंग फोर्क कानामागे लावला आणि म्हातारीने चमकून वर बघितलं. समोर धरला तर काही नाही. दोन्ही कान तसेच. काचेच्या कपाटात जायला तिने नकार दिला, तर नात तिला घेऊन आत गेली आणि तिच्या मांडीला मांडी लावून बसली.

ऑपरेशन होऊ शकतं, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. म्हातारीच्या कानापाशी नातीने ते ओरडून सांगितलं. तिने विचार केला आणि मला आता काय ऐकायचंय, अशा अर्थाचं मालवीत म्हणाली, "म्हारे अब कंई सुननो हे?" बाप कळवळून काहीतरी बोलायला लागला, खालच्या आवाजात, आणि तिने त्याच्याकडे बघून 'हं' म्हटलं.

मला राहवलं नाही. मी तिच्यापुढे खुर्ची ओढून बसले आणि ओरडून सांगितलं, की तो म्हणतोय चूक झाली. तिने माझ्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे. "थें बोल्यो?" बाप मान डोलवत राहिला.

ऑपरेशन तिने केलंच नाही. मशीन घेतलं, कानामागे लावायचं. आतली नस चांगली असल्यामुळे ते छान चाललं. मुलीने नंतर सांगितलं, की दादी ते फक्त सकाळी दूध काढेपर्यंत आणि संध्याकाळी जेवताना लावते. त्या वेळातही बाप आला, की काढून कनवटीला बांधते, आणि बापाला नाटक म्हणायची सोय नाही, कारण आता तिचं सगळं कागदावर आहे.

माझा डावा कानही हळूहळू त्याच वाटेने चाललाय. डॉक्टरीणबाई विचारतात, करून टाकू? मी म्हणते, थांबा थोडं. उजव्या कानाने मला नवऱ्याचं सगळं ऐकू येतं. दुपारी तासभर झोपायचं असेल तेव्हा मी उजव्या कुशीवर वळते, तो कान उशीत जातो, आणि घरात फक्त सासूबाई उरतात.